ग्रंथपालाच्या शिकण्याचा खर्च कोणी उचलायचा?

महाराष्ट्रातल्या शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या गेली अनेक वर्षे ११ ते १२ हजारांच्या घरात आहे. शतकभर जुन्या, मोठ्या इमारतीतल्या जिल्हा ग्रंथालयापासून ग्रामपंचायतीने दिलेल्या एका खोलीतल्या वाचनालयापर्यंत सारे या आकड्यात येते. मोठ्या ठिकाणी ग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल, लिपिक, शिपाई अशी विभागणी असते. लहान गावात एकच माणूस सगळे करतो. कुलूप उघडतो, केर काढतो, वर्तमानपत्रे मांडतो, देवघेव करतो, वर्गणी गोळा करतो, दाखल नोंदवही लिहितो आणि मार्च आला की हिशेबही जुळवतो. या माणसाला हे काम कोणी शिकवले आणि एकदा शिकवल्यावर पुन्हा केव्हा शिकवले, हा या लेखाचा प्रश्न आहे.

ग्रंथालयांवरची चर्चा बहुधा वाचक कमी झाले की वाढले, अनुदान आले की थकले, इथेच फिरत राहते. पुस्तक आणि वाचक यांच्या मधोमध जो माणूस उभा आहे, त्याच्या शिक्षणाची चौकशी क्वचित होते. खरे तर भारतात ग्रंथालय चळवळ आणि ग्रंथालय प्रशिक्षण यांचा जन्म जवळजवळ एकत्रच झाला.

बडोदा ते मद्रास

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला आपल्या संस्थानात आणले. गावोगावी मोफत वाचनालये उभी करायची तर ती चालवणारी माणसे तयार करावी लागतील, हे दोघांनीही ओळखले होते. १९११ मध्ये बडोद्यात प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. १९१२ पासून तिथून ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचे नियतकालिक निघू लागले. त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी विभागही होता. म्हणजे ग्रंथालयाच्या कामाविषयी मराठीतून व्यावसायिक लेखन करण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. पुढे १९१५ साली लाहोरला पंजाब विद्यापीठात आसा डॉन डिकिन्सन यांनी असाच वर्ग चालवला.

या इतिहासात मला सर्वांत बोलके वाटते ते शियाळी रामामृत रंगनाथन यांचे उदाहरण. १९२४ साली मद्रास विद्यापीठाने त्यांना ग्रंथपाल नेमले तेव्हा ते गणिताचे प्राध्यापक होते. ग्रंथालयाच्या कामाचे कोणतेही शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. विद्यापीठाने त्याच वर्षी त्यांना इंग्लंडला पाठवले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ते शिकले, क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख बर्विक सेयर्स यांचे मार्गदर्शन त्यांना मिळाले आणि तिथली अनेक ग्रंथालये त्यांनी चालती असताना पाहिली. १९२५ मध्ये ते परतले. १९२८ साली मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला, १९२९ मध्ये संघाचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला आणि १९३१ साली तो विद्यापीठाने आपल्याकडे घेतला. त्याच वर्षी ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धांतांचे त्यांचे पुस्तक आले.

ज्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून साजरा करतो, ते स्वतः नोकरी लागल्यावर, नोकरी देणाऱ्या संस्थेच्या पाठबळावर आणि प्रत्यक्ष ग्रंथालये पाहत शिकले. नोकरीत असतानाचे शिक्षण म्हणजे काय, ते इथे पुरते दिसते. आजच्या व्यवस्थेने त्यातले काय उचलले आणि काय सोडले, ते पाहू.

कायदा आणि प्रमाणपत्र

मुंबई प्रांतात १९३९ साली नेमलेल्या फैजी समितीने ग्रंथालयांच्या विकासाची पायरीपायरीची योजना मांडली. स्वातंत्र्यानंतर, महाराष्ट्र राज्य झाल्यावर, महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ संमत झाला. ग्रंथालय संचालनालय, सहा विभागांची कार्यालये, जिल्हा ग्रंथालय अधिकारी आणि राज्य ग्रंथालय परिषद अशी यंत्रणा उभी राहिली. ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी झाली आणि वर्गानुसार परिरक्षण अनुदान ठरले.

या कायद्याचे एक वैशिष्ट्य प्रशिक्षणाच्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे. मद्रासच्या १९४८ च्या किंवा कर्नाटकच्या १९६५ च्या कायद्यात ग्रंथालय उपकर आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात तो नाही. इथे ग्रंथालय चालवते ती नोंदणीकृत संस्था आणि सरकार देते ते अनुदान. रत्नागिरीचे १८२८ सालचे नगर वाचनालय, पुण्याचे १८४८ सालचे नगर वाचन मंदिर, ठाण्याचे १८९३ सालचे आणि मुंबईचे १८९८ सालचे मराठी ग्रंथसंग्रहालय, या सगळ्या लोकांनी उभ्या केलेल्या संस्था. कायद्याने त्यांची स्वायत्तता राखली, ही चांगली गोष्ट झाली. पण त्यामुळे कर्मचारी संस्थेचा नोकर ठरला. त्याची पात्रता सरकार ठरवते, पगार संस्था देते, आणि नोकरीत असताना त्याला शिकवण्याची जबाबदारी दोघांच्या मध्ये कुठेतरी राहून जाते.

नोकरीच्या दाराशी मात्र व्यवस्था आहे. वर्ग जितका वरचा, तितकी ग्रंथपालाकडून अपेक्षित पात्रता अधिक. लहान ग्रंथालयांसाठी प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. जिल्हा ग्रंथालय संघांनी वर्षानुवर्षे त्याचे वर्ग चालवले आणि राज्यभरच्या वाचनालयांना माणसे पुरवली. संघांचे हे काम मोठे आहे आणि त्याची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही. पदवी-पदव्युत्तर शिक्षणासाठी विद्यापीठांचे विभाग आहेत. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे ग्रंथालयशास्त्राचे विद्यालय १९६१ सालचे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांनी वाट करून दिली.

प्रश्न पुढे सुरू होतो. पंचविसाव्या वर्षी प्रमाणपत्र मिळवून वाचनालयात रुजू झालेली व्यक्ती तीस-तीस वर्षे काम करते. त्या काळात कार्डांची तालिका जाऊन संगणक येतो, कायदे बदलतात, वाचक बदलतात. शिक्षण मात्र त्या एका प्रमाणपत्रापाशी थांबलेले असते.

एकच काम, दोन व्यवस्था

हीच व्यक्ती महाविद्यालयात ग्रंथपाल असती तर? विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्रे सुरू केली. महाविद्यालयीन ग्रंथपालांनाही त्या व्यवस्थेत जागा मिळाली. उजळणी वर्ग दोन-तीन आठवड्यांचे असतात, त्यासाठी कर्तव्य रजा मिळते आणि पुढच्या वेतनश्रेणीसाठी ते आवश्यक मानले जातात. नाव बदलत गेले, आता ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून ओळखली जातात, पण तत्त्व तेच राहिले. जोडीला विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची प्रशिक्षणे आहेत.

या वर्गांच्या दर्जाविषयी तक्रारी ऐकू येतात. व्याख्याने ठरावीक, प्रात्यक्षिक कमी, लक्ष प्रमाणपत्रावर. तक्रारीत तथ्य आहे. तरीही तिथे तीन गोष्टी मान्य झालेल्या आहेत. शिकणे कामाच्या वेळेत होते, शिकताना पगार चालू राहतो आणि शिकल्याचा पुढे उपयोग होतो. सार्वजनिक ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यापाशी यातले काहीच नाही.

त्याच्या वाट्याला येतात ती एक-दोन दिवसांची शिबिरे, ग्रंथालय संघांची अधिवेशने, ग्रंथोत्सवातली चर्चासत्रे. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून देशभरच्या ग्रंथालयांना साहाय्य करते. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रंथालय अभियानात क्षमताविकास हा एक घटकच होता. हे सगळे उपयोगी आहे. पण निमंत्रण कधी येईल, कोणाला येईल, आधीच्या शिबिरात झालेले पुढच्या शिबिरात पुढे नेले जाईल का, याची काही साखळी नाही. शिवाय अनुदान, लेखापरीक्षण आणि वार्षिक अहवाल हे विषय इतके निकडीचे असतात की शिबिराचा वेळ तेच खाऊन टाकतात.

शिकायचे काय?

‘प्रशिक्षण’ म्हणताच संगणकाचे चित्र समोर येते. गरज त्याहून फार रुंद आहे.

तालिकीकरण घ्या. ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६. पुढे १ लावला की कविता, २ लावला की नाटक, ३ लावला की कथा-कादंबरी. इतके प्रमाणपत्र वर्गात शिकवले जाते. अडचण येते ती प्रत्यक्ष पुस्तक हातात घेतल्यावर. ज्ञानेश्वरी काव्यात ठेवायची की २९४.५ या हिंदू धर्माच्या अंकाखाली गीतेच्या टीकांजवळ? ‘विशाखा’वर नाव कुसुमाग्रजांचे, ‘नटसम्राट’वर वि. वा. शिरवाडकरांचे. राम गणेश गडकऱ्यांची नाटके त्यांच्या स्वतःच्या नावावर, कविता गोविंदाग्रजांच्या, विनोदी लेख बाळकरामांचे. वाचकाने एक नाव विचारले तर बाकीची पुस्तके त्याच्यापुढे आली पाहिजेत. त्यासाठी नावांचे संदर्भ जोडून ठेवण्याची शिस्त लागते, आणि ती कोणतेही सॉफ्टवेअर आपोआप लावत नाही.

संगणकीकरणात मराठीची स्वतःची अडचण आहे. युनिकोड रुळण्याआधी अनेक ठिकाणी वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टांत हजारो नोंदी टंकित झाल्या. आज त्या कोहा किंवा ई-ग्रंथालय यांसारख्या प्रणालीत न्यायच्या म्हटल्या की अक्षरांचा निरर्थक गुंता समोर येतो. वर्षांची मेहनत पुन्हा करावी लागते. त्या वेळी कोणी दोन दिवस बसवून प्रमाणित पद्धत शिकवली असती, तर हा खर्च टळला असता. प्रशिक्षणावर पैसे न घालण्याची किंमत अशी नंतर, व्याजासह मोजावी लागते.

जतनाचा विषय याहून गंभीर आहे, कारण तिथली चूक दुरुस्त होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा कागद छपाईत आला. त्यातल्या आम्लामुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो. अशा पानाला प्रेमाने लावलेली चिकटपट्टी काही वर्षांत डाग सोडते आणि निघताना अक्षरे घेऊन जाते. कोकणात पावसाळाभर बुरशीशी झुंज असते, विदर्भात उन्हाळ्याच्या कोरड्या तापाने बांधणी तडकते, वाळवी आणि कसर तर सगळीकडेच. म्हणजे रत्नागिरीच्या आणि चंद्रपूरच्या कर्मचाऱ्याला एकच टिपण वाटून भागणार नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरासारख्या संस्थांकडे हस्तलिखितांच्या जतनाचे ज्ञान आहे. त्याचा सोपा, हाताने करून दाखवलेला भाग तालुक्याच्या ग्रंथपालापर्यंत पोचायला हवा. राज्यातल्या जुन्या वाचनालयांत अशी पुस्तके आहेत की ज्यांची दुसरी प्रत मिळणे कठीण. ती कोणाच्या हाती आहेत, यावर मराठीच्या मुद्रित वारशाचे भवितव्य अवलंबून आहे.

कायद्याची माहिती हा तिसरा भाग. जुनी पुस्तके स्कॅन करण्याचा उत्साह सध्या आहे, तो चांगलाच आहे. पण भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य आता खुले आहे. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, त्यांचे साहित्य २०६० सालच्या अखेरीपर्यंत खुले होणार नाही. हा साधा हिशेब माहीत नसेल, तर ग्रंथपाल एक तर कायदा मोडतो किंवा भीतीपोटी मुक्त पुस्तकही कपाटात ठेवतो.

याच कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने अंध आणि अन्य मुद्रण-अक्षम वाचकांसाठी पुस्तके त्यांना वाचता येतील अशा रूपात आणण्याची मुभा दिली. या विषयावरच्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश ठरला, २०१४ साली. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. हक्क आहे, साधन आहे. गावातल्या दृष्टिहीन मुलाला त्याची नोंदणी करून देणारा माणूस हवा, आणि तो माणूस वाचनालयात बसलेलाच आहे. त्याला हे कोणी सांगितलेले नसेल, तर दिल्लीत झालेला कायदा त्या मुलाच्या दारापर्यंत येत नाही.

आणि वाचक तर रोज बदलत आहेत. तालुक्याच्या कितीतरी वाचनालयांत आज सर्वांत जास्त वेळ बसतात ती स्पर्धा परीक्षेची मुले. त्यांना चालू वर्षाची पुस्तके, विश्वासार्ह शासकीय संकेतस्थळे आणि शांत अभ्यासिका हवी असते. लहान मुलांना गोष्ट सांगणारे कोणी हवे असते. ज्येष्ठांना मोबाइलवरचा अर्ज आणि मोबाइलवरची अफवा यांतला फरक समजून घ्यायचा असतो. या प्रत्येक सेवेसाठी वेगळे कौशल्य लागते आणि त्यातले एकही उपजत येत नाही.

ऑनलाइन वर्गांनी काय दिले

२०२० च्या टाळेबंदीत वेबिनारांची लाट आली. दूरच्या कर्मचाऱ्याला प्रथमच राज्यातल्या आणि देशातल्या तज्ज्ञांना घरबसल्या ऐकता आले. लहान ग्रंथालयांत काम करणाऱ्या आणि घर सांभाळून दोन वेळा वाचनालय उघडणाऱ्या स्त्रियांना चार दिवस जिल्ह्याच्या गावी राहणे जमत नाही. त्यांच्यासाठी ही मोठी सोय ठरली. ‘स्वयम्’सारख्या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचे अभ्यासक्रमही उपलब्ध आहेत.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. बहुतेक सामग्री इंग्रजीत आणि विद्यापीठीय ग्रंथालय डोळ्यांसमोर ठेवून केलेली. ऐकून प्रमाणपत्र मिळते, पण पुस्तकाची बांधणी ऐकून येत नाही आणि तालिकेतली चूक कोणी शेजारी बसून दाखवल्याशिवाय कळत नाही. उपयोगी पडते ती मिश्र पद्धत. ऐकण्याचा भाग मोबाइलवर, करण्याचा भाग जवळच्या मोठ्या ग्रंथालयात.

पैशांचा हिशेब

आता मूळ अडसर. २०१२ च्या वाढीनंतर दहा वर्षांनी परिरक्षण अनुदानात ६० टक्के वाढ झाली. त्या वाढीने जिल्हा अ वर्गाचे वार्षिक अनुदान ७ लाख २० हजारांवरून ११ लाख ५२ हजारांवर आणि ड वर्गाचे ३० हजारांवरून ४८ हजारांवर गेले. ४८ हजार म्हणजे महिन्याला ४ हजार. त्यात पुस्तके, नियतकालिके, वीज, भाडे आणि पगार. निम्मी रक्कम पगाराला गेली असे धरले, तरी त्या दराने ग्रंथपालाच्या हाती महिन्याला २ हजार रुपये पडत. सार्वजनिक ग्रंथालयांच्या सुधारणेसाठी नेमलेल्या व्यंकप्पा पत्की समितीच्या शिफारशी आणि वेतनश्रेणी ही मागणी कर्मचारी संघटना इतकी वर्षे का लावून धरतात, ते या आकड्यांतून समजते.

ग्रंथालय संस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे इफ्लाची, निरंतर व्यावसायिक विकासाविषयी मार्गदर्शक तत्त्वे आहेत. कामाच्या वेळेपैकी सुमारे १० टक्के वेळ शिकण्याला आणि कर्मचाऱ्यांवरच्या खर्चाच्या किमान अर्धा ते १ टक्का रक्कम प्रशिक्षणाला द्यावी, असे ती सुचवतात. वरच्या हिशेबातल्या ड वर्गाच्या वाचनालयाने पगाराच्या वार्षिक २४ हजारांतला १ टक्का काढला तर वर्षाला २४० रुपये होतात. जिल्ह्याच्या गावी एकदा जाऊन-येऊन जेवण केले की संपले. म्हणून ‘संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे’ हे वाक्य महाराष्ट्रात निरर्थक आहे. एकेकट्या संस्थेला हे पेलणारच नाही.

काही जण म्हणतात, आधी पगार द्या, प्रशिक्षणाचे नंतर पाहू. पगाराची मागणी शंभर टक्के न्याय्य आहे. २ हजारांत माणूस टिकत नाही, आणि न टिकणाऱ्या माणसाला शिकवून फायदा कोणाला? पण दोन्ही गोष्टी एकाच मागणीत बांधता येतात. प्रशिक्षणाचे टप्पे वेतनवाढीला जोडले, तर सरकारला खर्चाचे समर्थन करता येईल आणि कर्मचाऱ्याला शिकण्याचे कारण मिळेल. महाविद्यालयांत हे तत्त्व कधीच मान्य झाले आहे. गावच्या वाचनालयाला ते नाकारण्याचे कोणतेही शैक्षणिक कारण मला दिसत नाही.

काय करता येईल

पहिले, प्रशिक्षणाचा निधी संस्थेच्या अनुदानातून न काढता त्याच्या वर, स्वतंत्र शीर्षाखाली आणि जिल्हा पातळीवर एकत्र ठेवावा. प्रवासखर्च, भोजन आणि त्या दिवसांत वाचनालय उघडे ठेवणाऱ्या बदली माणसाचे मानधन यातून द्यावे. एकट्या माणसाच्या ग्रंथालयाला शिबिरासाठी कुलूप लागणे वाचकांवरही अन्याय आहे.

दुसरे, प्रत्येक तालुक्यातल्या एका चांगल्या ग्रंथालयाला प्रशिक्षण केंद्राचा दर्जा द्यावा. क आणि ड वर्गांतल्या कर्मचाऱ्यांनी तिथे ठरावीक दिवस प्रत्यक्ष काम करावे. रंगनाथन क्रॉयडनला हेच करत होते.

तिसरे, अभ्यासक्रम मराठीत आणि टप्प्याटप्प्याचा असावा. दर तीन वर्षांनी एक टप्पा, त्यात एक विषय नीट. तालिका, जतन, कायदा, बालवाचक, दिव्यांग वाचक, संगणक. विद्यापीठांचे विभाग, राज्य मराठी विकास संस्था आणि ग्रंथालय संघ यांनी मिळून हस्तपुस्तिका तयार कराव्यात.

चौथे, मूल्यमापन कामावरून व्हावे. शिबिरानंतर सहा महिन्यांनी कोणी ग्रंथालयात जाऊन तालिका, कपाटे आणि देवघेव पाहावी. वार्षिक तपासणीत पुस्तकांची आणि सभासदांची संख्या मोजली जाते, तशी कर्मचाऱ्याने घेतलेल्या प्रशिक्षणाचीही नोंद व्हावी आणि दर्जा ठरवताना तिला वजन मिळावे.

पाचवे, कार्यकारिणीच्या सदस्यांसाठीही एक दिवसाचा वर्ग असावा. शिकून आलेल्या ग्रंथपालाला नवे काही करायचे असते तेव्हा परवानगी त्यांच्याकडून लागते. त्यांना विषय कळला नसेल तर शिकलेले वाया जाते.

यातल्या कोणत्याही सूचनेसाठी नवा कायदा लागत नाही. यंत्रणा आहे, संघ आहेत, शिकवू शकणारी माणसे आहेत. लागतो तो एक निर्णय. कर्मचाऱ्याचा शिकण्याचा वेळ हा कामाचाच वेळ मानायचा आणि त्याचे पैसे अर्थसंकल्पात लिहायचे. सयाजीरावांच्या दरबाराने १९११ साली हा खर्च ग्रंथालयाच्या खर्चाचाच भाग धरला होता. कायदा होऊन अर्धशतक उलटलेल्या राज्याने तो धरणे ही किमान अपेक्षा आहे, आणि ग्रंथालयांच्या पुढच्या प्रत्येक मागणीपत्रात ती पगाराच्या मागणीशेजारीच लिहिलेली असावी.